यामिनीच्या कट्ट्यावरचं पासवर्डाचं भांडण

वर्ध्याजवळच्या नालवाडीच्या जयवंताबाईंच्या घरी सून आली तेव्हा ती मुकी आहे की काय, अशी त्यांना शंका आली होती. पुढे काही वर्षांनी ती एकटीच खोलीत बोलते हे ऐकून दुसरी शंका आली. या दोन शंकांच्या मधे यामिनी नावाची एक बाई कुठेतरी होती, आणि ती नेमकी कशी आहे हे उमगायला जयवंताबाईंना बराच काळ लागला.

यामिनी देवळीची. वडील मास्तर, भावंडं पुष्कळ, आणि सगळी तोंडाळ. त्यांच्यात हिची बोलायची पाळीच आली नसावी. संगणकाचं शिकली, पुण्याला नोकरी केली, लग्न होऊन वर्ध्याला आली आणि नागपूरच्या एका कंपनीचं काम घरातूनच करू लागली. जयवंताबाईंचा मुलगा माणिक सकाळी डबा घेऊन कचेरीत जाई. सून डबा भरून देई, ओट्यावर हात पुसे आणि मागच्या खोलीतल्या तिच्या कचेरीत जाई. शेजारणींनी विचारलं की जयवंताबाई सांगत, "आमचीबी हापिसात जाते. चप्पल घालत नाई, पण जाते."

तर एका दुपारी त्या खोलीतून आवाज आला. "तुमचं म्हणणं बरोबर आहे भाऊ, पण असं बोलणं बरं नाही." थोडं थांबून पुन्हा, "तुमचं म्हणणं बरोबर आहे भाऊ, पण जरा दमानं घ्या." जयवंताबाईंनी दारातून डोकावलं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. सुनेचा फोन बाहेर चार्जिंगला लावलेला. संध्याकाळी माणिक घरी आला तसा त्याला अंगणातच गाठून त्या म्हणाल्या, "तिले डॉक्टरले दाखवून आण. भिंतीले भाऊ म्हणून राह्यली."

माणिक पोट धरून हसला, आणि मग त्याने आईला सगळं समजावून दिलं.

यामिनीने इंटरनेटवर मराठीतून एक जागा उघडली होती. नाव संगणक कट्टा. वर्धा, यवतमाळ, अमरावती, चंद्रपूर, कुठली कुठली शिकणारी पोरं तिथे आपापली अडचण लिहीत आणि ज्याला येई तो उत्तर देई. आता पारावर चार माणसं जमली तरी भांडण होतं, इथे तर हजारो जमलेली, आणि एकानेही दुसऱ्याचं तोंड पाहिलेलं नाही. म्हणून यामिनीने एकच नियम केला होता. जे लिहायचं ते आधी मोठ्याने म्हणून बघायचं, समोर तो माणूस बसलाय असं समजून. म्हणता आलं तर लिहायचं. कोणी फारच वाकडं लिहिलं, तर यामिनी त्याला त्याचंच वाक्य त्याच्याच आवाजात म्हणून पाठवायला सांगे. बहुतेकजण आवाज पाठवण्याऐवजी वाक्यच पुसून टाकत. हा नियम ती स्वतःही पाळी, म्हणून भिंतीला भाऊ.

"मंग मी बसत जाईन तुझ्यापाशी," जयवंताबाई तिला म्हणाल्या. "भिंतीपेक्षा मी बरी. मी हूं तरी म्हणीन."

तेव्हापासून दुपारी निवडण-टिपण घेऊन त्या सुनेच्या दारात बसू लागल्या. त्यांचं स्वतःचं शिक्षण चौथीपर्यंतचं. यामिनी उत्तर वाचून दाखवी, त्यातलं संगणकाचं काही जयवंताबाईंना कळत नसे, पण बोलणं कुठे टोचतं ते बरोबर कळे. टोचलं नाही तर त्या म्हणत, "जाऊ दे." टोचलं तर म्हणत, "थांब." यामिनी थांबे आणि बदले. इतक्या लांबलांबच्या शिकलेल्या माणसांना जाणारा शब्द आपल्या एका हूंवर अडतो, याचं जयवंताबाईंना पहिल्यापासून नवल वाटे. त्या कोणाला सांगत मात्र नसत.

त्या शुक्रवारी होळी होऊन गेली होती, उन्हं तापू लागली होती, आणि देवळीहून यामिनीच्या भावाच्या शेतातली तूर आली होती. ती भरडून झाली होती. जयवंताबाई सुपात डाळ पाखडत बसल्या होत्या. यामिनी मात्र सकाळपासून गप्प होती. तिचं गप्प असणं जयवंताबाईंना आता ओळखू येत होतं. हे नेहमीचं गप्प नव्हतं.

"काय झालं वं?"

"भांडण लागलंय आई, कट्ट्यावर. कालपासून."

"कोणाचं?"

"सगळ्यांचंच."

झालं होतं असं. प्रेरणा नावाची एक मुलगी, देवळीकडचीच, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. तिने कॉलेजात दाखवायला एक वेबसाइट बनवली होती. गावातल्या शेतकऱ्यांनी फवारणीचे पंप, पेरणी यंत्रं एकमेकांकडून वापरायला घ्यायची, आणि कोणाचं काय केव्हा मोकळं आहे ते तिच्यावर बघायचं. प्रत्येकाने आपलं नाव आणि पासवर्ड घालून आत जायचं. हे सगळं तिने कौतुकाने कट्ट्यावर मांडलं आणि खाली लिहिलं की सगळ्यांचे पासवर्ड मी एन्क्रिप्ट करून ठेवले आहेत, कोणी तपासून सांगेल का.

त्यावर पहिलं उत्तर नानाजींचं आलं.

हे नानाजी कट्ट्यावरचे मोठे मानकरी. नाव नुसतं नाना, फोटोच्या जागी केळझरचा गणपती. कोणी म्हणे निवृत्त इंजिनिअर आहेत, कोणी म्हणे प्राध्यापक होते. ज्ञान पक्कं, उत्तर आखूड, आणि त्या आखूड उत्तराला काटे. पण वडीलधारं माणूस, बोलायचंच, म्हणून सगळे ऐकून घेत. यामिनीसुद्धा. तिने बाकी सगळ्यांना कधी ना कधी आवाज पाठवायला लावला होता, नानाजींना नाही.

यामिनीने त्यांचं उत्तर वाचून दाखवलं. "याला एन्क्रिप्ट म्हणत नाहीत, हॅश म्हणतात. एवढाही फरक कळत नसेल तर लोकांच्या पासवर्डना हात लावू नका. घरी बसून स्वेटर विणा."

"वर्ध्याच्या उन्हात सोटर कोण विणते?" जयवंताबाई म्हणाल्या.

पण कट्ट्यावर कोणी हसलं नव्हतं. पुण्याच्या कोणा धीरजने लिहिलं की बोलताना सगळेच एन्क्रिप्ट म्हणतात, उगाच शब्दाचा कीस काढू नका. नानाजींनी लिहिलं, आज शब्द चुकला, उद्या काम चुकेल. मग दोन्ही बाजूंनी माणसं धावली. कोणी पुस्तकातली व्याख्या आणून आपटली, कोणी एकमेकांचं शिक्षण काढलं, कोणी गाव काढलं. रात्र उलटली तरी निवेना. आणि सकाळी प्रेरणाने लिहिलं होतं, "माझी चूक झाली. मी ही वेबसाइट काढून टाकते. सोमवारी दाखवायची होती, ती दाखवणार नाही. माझ्यामुळे कोणाचं नुकसान नको."

सुपातला जयवंताबाईंचा हात थांबला. "दाखवली नाई तं?"

"वर्ष गेलं तिचं."

"मंग त्या म्हाताऱ्याले हाकल ना कट्ट्यावरून. बाकीचेबी म्हणत असतील."

"म्हणताहेत. पण आई, ते बरोबर आहेत."

"बरोबर असून असं बोलते?"

"बरोबर असलं की माणूस असंच बोलतो. चुकलेला जरा दबून बोलतो."

जयवंताबाईंना हे पटलं, पण आवडलं नाही. त्यांनी विचारलं, "असा काय फरक आहे त्या दोन शब्दाईत, का एका पोरीचं वर्ष जावं?"

यामिनीने सुपाकडे पाहिलं. "तुम्ही तूर पोत्यात घालून तोंड शिवलं, तर उसवून तूर परत मिळते ना? तसं एन्क्रिप्ट. किल्ली असेल त्याला आतलं परत काढता येतं. आणि तूर भरडली तर?"

"डाळ झाली. मंग तूर कुठची."

"तसं हॅश. पासवर्ड भरडूनच ठेवायचा. परत कोणालाच काढता येत नाही, ज्याने वेबसाइट बनवली त्यालाही नाही."

"मंग आपण उद्या गेलो, तं त्याले कसं समजते का हा आपलाच माणूस?"

"आपण पासवर्ड टाकला की तो पुन्हा भरडतो, आणि कालची डाळ नि आजची डाळ जुळते का बघतो."

जयवंताबाई जन्मभर तूर भरडत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "खोटं नको सांगू. दोनदा भरडली तं दोनदा सारखी निघत नाई. चुरी कमीजास्त होते."

"ह्या जात्यात निघते, आई. कणभर फरक पडत नाही. आणि एक दाणा जरी बदलला, तर अख्खी रासच ओळखू येत नाही इतकी वेगळी."

 जयवंताबाईंच्या मनात ते जातं फिरू लागलं. चुरी न पाडणारं, दाणा न दाणा ओळखणारं, आणि तोंडातून पुन्हा काही न सांगणारं. त्यांना सगळ्यात नवल वाटलं ते वेबसाइटच्या राखणदाराचं. दारावर बसलाय, रोज माणसं ओळखून आत सोडतोय, आणि आपण काय राखतोय हे त्याला स्वतःलाच ठाऊक नाही. माणसांनी असं काही शोधून काढलं आणि आपल्याला इतक्या उशिरा कळलं, याची त्यांना थोडी हळहळही वाटली.

"म्हणून शब्द महत्त्वाचा," यामिनी म्हणाली. "एन्क्रिप्ट म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, किल्ली कोणाकडे तरी आहे."

"मंग पोट्टीनं पोतं शिवलं का भरडलं?"

यामिनी सासूकडे बघत राहिली. मग गर्रकन खुर्ची फिरवून तिने प्रेरणाने केलेलं काम उघडलं. बराच वेळ ती वाचत होती, बोटाने खाली सरकवत होती. जयवंताबाईंची अर्धी डाळ पाखडून झाली.

"भरडलंय," शेवटी ती म्हणाली. "चोख भरडलंय. नुसता शब्द चुकलाय पोरीचा. आणि आई, एवढी माणसं रात्रभर भांडली, पण एकानेही उघडून पाहिलेलं नाही. मीसुद्धा नाही."

"मंग सांग ना सगळ्याईले. काप त्या नानाचं नाक."

"नाक कापलं तर सगळे नाकच बघत बसतील. तिचं काम पुन्हा राहूनच जाईल."

तिने आधी प्रेरणाला लिहिलं. उत्तर नाही. मग नानाजींना, एकट्यांना, लिहायला घेतलं आणि नेहमीसारखं वाचून दाखवलं. "नानाजी, शब्दाचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. हॅशच म्हणायला हवं. पण कट्ट्याचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. प्रेरणाला लिहिलेलं वाक्य तुमच्या आवाजात म्हणून मला पाठवा. तुम्ही वडीलधारे, तुम्हाला सांगताना संकोच होतो. हे मी फार आधी सांगायला हवं होतं."

"जाऊ दे," जयवंताबाई म्हणाल्या.

चहा झाला, कप विसळून झाले, तरी काही येईना. जयवंताबाईंना वाटलं, म्हातारा आता फणकारून निघून जाणार. तेवढ्यात फोन वाजला. यामिनीने आवाज मोठा केला आणि दोघी ऐकू लागल्या.

आधी बकरीचं ओरडणं आलं. मग कुकरची शिट्टी. मग एक आवाज आला, पोरसवदा, मधेच जाड आणि मधेच बारीक. "याला एन्क्रिप्ट म्हणत नाहीत, हॅश म्हणतात. एवढाही फरक कळत नसेल तर लोकांच्या पासवर्डना हात लावू नका..."

"काऊन रे नाना," मागून एका बाईचा आवाज आला, "कोणाले बोलून राह्यला असा?"

"कोणाले नाई वं आई."

"सकाळपासून पाणी भर म्हणतो तं ऐकू येत नाई, अन् कोणाच्या लेकराले हात लावू नको म्हणतं? काय केलं त्यानं तुझं?"

"तिनं काई नाई केलं."

"पोरगी हाय?"

 बकरी पुन्हा एकदा ओरडली. मग तो मुलगा अगदी हळू म्हणाला, "घरी बसून..." आणि तिथेच आवाज संपला.

जयवंताबाईंना इतकं हसू आलं की सूप मांडीवरून घसरलं. डाळ फरशीभर झाली. "हा तुमचा निवृत्त इंजिनेर," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "याले अजून दाढी आली नसंन."

यामिनी हसत नव्हती. "त्याला हे पुसून दुसऱ्यांदा म्हणता आलं असतं," ती म्हणाली. "मागे आई बोलत नाही असं बघून. त्याने हेच पाठवलं."

पाठोपाठ त्याने लिहूनही पाठवलं. "ताई, मी एकोणीस वर्षांचा आहे. नाव प्रभाकर. आजोबांचं नाव ठेवलं, पण आई सासऱ्याचं नाव तोंडाने घेत नाही, म्हणून घरात नाना. कट्ट्यावर आलो तर पहिल्याच दिवशी सगळे नानाजी, तुमचा अनुभव काय, असं म्हणायला लागले. मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. मग नानाजी जसे बोलतील तसं बोलू लागलो. आमचे आजोबा असेच बोलायचे."

जयवंताबाईंचं हसू ओसरलं. त्यांच्या सासऱ्यांचं नाव गुलाबराव होतं, आणि त्यांनी जन्मभर गुलाबाला 'ते काट्याचं फूल' म्हटलं होतं. एकदा जिलेबीच्या दुकानात गुलाबजाम मागताना 'ते काळे लाडू द्या' म्हटल्यावर दुकानदाराने भलतंच बांधून दिलं होतं. नानाच्या आईला त्या न पाहता ओळखत होत्या. तिने धाकाने पोराला आजोबाचं नाव घेऊन हाक मारली नाही, आणि इकडे हजारो शिकलेल्यांनी नुसत्या नानाला नमस्कार घातला.

"आपणच बसवला त्याले पाटावर," त्या म्हणाल्या. "लेकरू बिचारं. त्याले वाटलं, पाटावर बसल्यावर असंच बोला लागते."

"हो ना."

"आता सांगून टाक सगळ्याईले. भांडण मिटते."

"नाही आई. त्याने मला एकटीला सांगितलंय. मी सांगितलं तर आजवर जे वाकून बोलत होते ते त्याला दुप्पट मारतील."

आणि तिने त्याला लिहिलं, "तुझं वय तुझ्यापाशीच राहील. मला एवढंच सांग, प्रेरणाचं काम तू उघडून पाहिलंस का?"

"नाही."

"मग आता बघ."

फरशीवरची डाळ दोघींनी मिळून भरली. ती भरून होते न होते तो त्याचं उत्तर आलं. "ताई, काम चोख आहे. मी पाहिलंच नव्हतं."

यामिनीने लिहिलं, "हे मला कशाला सांगतोस?"

जयवंताबाई म्हणाल्या, "थोडं टोचते." मग विचार करून म्हणाल्या, "पण जाऊ दे."

जयवंताबाईंनी आपल्या आयुष्यात भांडणं पुष्कळ पाहिली होती. नळावरची, वाटणीची, लग्नातली. भांडण मिटवणारी माणसंही पाहिली होती, ती बहुतेक दोन्हीकडच्यांपेक्षा मोठ्याने ओरडणारी. पण न ओरडता, कोणाचं काही उघडं न पाडता, एकेका माणसाला त्याच्याच वाक्यासमोर नेऊन बसवणारी ही पहिलीच. आणि ही आपल्याच घरी, आपल्याच ओट्यावर रोज भाकरी थापते. सुनेकडे बघताना त्यांना क्षणभर परक्या घरात आल्यासारखं वाटलं, देवळात पायरी चढताना वाटतं तसं.

शनिवारी सकाळी तो मुलगा स्वतःच कट्ट्यावर बोलला. लिहिलं नाही, बोलला, सगळ्यांसमोर, त्याच पोरसवदा आवाजात. "मी नाना. माझं वय एकोणीस आहे. मी कोणी इंजिनिअर नाही. प्रेरणाताईंचा शब्द चुकला होता, काम चुकलं नव्हतं. मी काम न बघताच बोललो. असं बोलणं माझ्या आईच्या समोर मला पूर्ण करता आलं नाही. ताई, वेबसाइट काढू नका. सोमवारी दाखवा."

 मग कोणीतरी लिहिलं, अरे हा तर पोट्टा निघाला, आणि खाली हसणारी तोंडं काढली. यामिनीने त्या लिहिणाऱ्याला लगेच लिहिलं की हे जरा तुमच्या आवाजात म्हणून पाठवता का. ते वाक्य पुसलं गेलं. पुण्याच्या धीरजने लिहिलं, "नाना, शब्दाचं तुझं खरं होतं. मी हट्टाने भांडलो. कामही मी पाहिलं नव्हतं." त्याच्या खाली आणखी एकाने तेच लिहिलं, मग आणखी एकाने.

प्रेरणा मात्र गप्पच. दुपार झाली. जयवंताबाईंनी जेवताना दोनदा विचारलं, "बोल्ली का ती?" यामिनीने नाही म्हणून मान हलवली. तिच्या ताटातली भाकरी तशीच होती.

उन्हं कलल्यावर प्रेरणाचा आवाज आला. बारीक, पण थरथरता नाही. "नानाभाऊ, शब्द मी बदलला. वेबसाइट ठेवली. पण मले एक समजलं नाई. दोन शेतकऱ्यांनी एकच पासवर्ड ठेवला, तरी साठवलेलं वेगवेगळं दिसून राह्यलं. माझं काई चुकलं का?"

नाना लगेच बोलला. "नाई जी ताई, तसंच पाह्यजे. हॅश करायच्या आधी प्रत्येकाच्यात एक वेगळी चिमूट टाकते ते, मिठासारखी. म्हणजे एकाचं समजलं तरी दुसऱ्याचं समजत नाई."

जयवंताबाईंनी सुनेला धरलं. "तू तं म्हणे, सारखीच डाळ निघते."

"चिमूटही सारखीच टाकली तर, आई. प्रत्येकाची चिमूट शेजारीच बांधून ठेवलेली असते. तपासताना तीच टाकतात."

"हे काल काऊन नाई सांगतलं?"

"काल तुम्ही चुरीवरच अडल्या होत्या."

रविवारी सगळा कट्टा प्रेरणाच्या वेबसाइटवर लोटला. चंद्रपूरच्या एकाने खोटा शेतकरी होऊन पेरणी यंत्र मागितलं, यवतमाळच्या एकीने तेच यंत्र त्याच वेळेला मागून बघितलं. कोणी सांगितलं, लहान फोनवर हे बटण अर्धं झाकलं जातं. प्रेरणा लिहायची, हो, करते. थोड्या वेळाने लिहायची, केलं, बघा. धीरजने एक चूक दाखवली, आणि दाखवण्याआधी लिहिलं, तुमची हरकत नसेल तर सांगतो. जयवंताबाई हातातलं काम ठेवून नुसत्या बघत होत्या. परवा जी माणसं एकमेकांचं गाव काढत होती ती आज एका अनोळखी मुलीच्या कामावर ओणवी झाली होती, आणि त्यातल्या कोणालाच या मुलीचं तोंड माहीत नव्हतं.

सोमवारी त्यांचं चित्त कशातच लागलं नाही. दुपारी यामिनी बाहेर आली ती फोन घेऊनच.

"दाखवली?"

"दाखवली. ऐका, वाचते. 'ताई, सरांना आवडलं. ते म्हणाले, पासवर्ड एन्क्रिप्ट केलेत हे छान केलं. माझ्या तोंडावर आलं होतं की सर, एवढाही फरक...'"

"अवं माय," जयवंताबाई म्हणाल्या. "बोल्ली का काय तसं?"

"'पण मी मनात आधी म्हणून पाहिलं, ते म्हणता येईना. मग म्हटलं, सर, त्याला हॅश म्हणतात, दोन्हीत थोडा फरक आहे, सांगू का. सर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, सांग.'"

"मंग?"

"मग सांगितलं तिने," यामिनी म्हणाली, आणि ताट वाढायला घेतलं.